घावन गोल हवं असेल तर: मोटरहोम सपाट कशी उभी करावी

अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडमधली आमची पहिली सकाळ. भाड्याने घेतलेली २५ फुटी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं छोटं घरच, नाशिकहून आलेले आई-बाबा, आणि मी हौसेने तव्यावर घातलेलं पहिलं घावन. ते गोल पसरलंच नाही. तव्याच्या दाराकडच्या कडेला धावत गेलं आणि तिथेच जाड गोळा होऊन बसलं. रात्रीही काहीतरी बिनसलं होतं. आई सारखी पायथ्याकडे घसरत होती, आमच्या पलंगावर उलटा प्रकार, डोकं खाली आणि पाय वर. बाथरूमचं दार मधूनच आपोआप उघडत होतं. आम्ही सगळं खापर नव्या जागेवर फोडलं होतं.

बाबा आयुष्यभर बांधकामावर सुपरवायझर. त्यांनी काही न बोलता स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. एका काठाला पाणी टेकलं, समोरच्या काठाशी ताटली कोरडी. "अगं, गाडीला ढाळ आहे," ते म्हणाले. "बाथरूमला देतात त्याहून जास्त. पाणसळ नाही का ठेवलेली?"

पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल, नव्हती; चाकांखाली ठेवायचे ठोकळेही नव्हते. गाडी ताब्यात देताना टाकी कशी रिकामी करायची, जनरेटर कसा लावायचा हे सगळं दाखवलं होतं, पण गाडी सपाट उभी करण्याचा विषय निघाला नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. नंतरच्या वर्षांत हे काम बऱ्याच जागी करून झालं, चुका झाल्या, दोन ठोकळे फुटलेही. पहिल्यांदाच मोटरहोम घेऊन निघणाऱ्या आपल्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं अमेरिकेतली आहेत, कारण आमचं फिरणं तिथलं.

एवढी उठाठेव कशाला?

झोप आणि घावन ही कारणं पुरेशी आहेतच, पण खरं महागडं कारण फ्रिज आहे. बऱ्याच मोटरहोममध्ये गॅसवर आणि विजेवर, दोन्हीवर चालणारा फ्रिज असतो. त्यात घरच्यासारखा कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांमधून फिरत असतात आणि त्यांना फिरवायला पंपही नसतो. खालून आच लागते, अमोनिया वर जातो, गार होतो आणि नळ्यांच्या बारीक उतारावरून आपल्या वजनाने परत खाली येतो. गाडीच कलली की तो उतार बिघडतो. द्रव एखाद्या वळणात साचून राहतं, आचेपाशी परत येत नाही, आणि आच मात्र चालूच असते. नळी कोरडी तापते, आतून गंजू नये म्हणून मिसळलेलं रसायन तिथेच कडक होऊन बसतं आणि वाट कायमची अडते. असा फ्रिज दुरुस्त करण्यापेक्षा त्याचं मागचं सगळं यंत्रच बदलावं लागतं.

बऱ्याच पुस्तिकांमध्ये आडव्या दिशेने साधारण ३ अंश आणि लांबीच्या दिशेने ६ अंश अशी मर्यादा दिलेली असते. तुमच्या गाडीतल्या फ्रिजची पुस्तिका उघडून एकदा बघा. गाडी चालू असताना हा प्रश्न येत नाही, कारण धक्क्यांनी द्रव हलत राहतं. कललेल्या गाडीत तासन्‌तास उभ्याने फ्रिज चालवणं हेच घातक. अलीकडच्या काही गाड्यांत १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज असतो, त्याला कलण्याचं फारसं वावडं नाही. ओळखायची सोपी खूण: फ्रिजच्या पट्टीवर 'गॅस' असं बटण असेल तर तो पहिल्या प्रकारचा.

बाकी त्रास लहान पण रोजचे. शॉवरचं पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी कोपऱ्यात साचतं. सांडपाण्याच्या टाकीचा काटा खरं दाखवत नाही. कपाटाची दारं उघडी राहत नाहीत किंवा बंद राहत नाहीत. फ्रिजला जेवढं कललेलं चालतं तेवढं माणसाला चालत नाही. एका अंशापुढे गेलं की आईसारख्या सावध झोपेच्या माणसाला लगेच कळतं.

काय विकत घ्यायचं

ठोकळे दोन प्रकारचे. एक, प्लास्टिकचे, एकमेकांत अडकणारे, लहान मुलांच्या खेळण्यातल्या विटांसारखे. पिवळे किंवा नारिंगी, साधारण साडेआठ इंच चौरस, प्रत्येकाने साधारण इंचभर उंची मिळते. दहाच्या पिशवीत मिळतात. दोन, लाकडाच्या फळ्या. होम डेपोसारख्या दुकानात 'टू बाय टेन' मागितली की फळी मिळते, पण नावावर जाऊ नका: ती प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद असते. म्हणजे एका फळीने दीड इंच उंची मिळते. दुकानातच हव्या त्या लांबीचे तुकडे कापून मागता येतात. कडा तिरक्या केल्या तर चाक अलगद चढतं.

मला स्वतःला फळ्या आवडतात. जड आहेत, पावसात भिजल्या की आणखी जड, पण टोकदार खडीवर तडकत नाहीत. विमानाने येऊन भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी मात्र प्लास्टिकचेच घ्यावेत. आधी भाड्याने देणाऱ्यांना विचारा. काही जण थोड्या पैशांत देतात.

तिसरा पर्याय रॅम्पचा, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे किंवा कमानीसारखे वळलेले. युरोपात आणि न्यूझीलंडमध्ये फियाट ड्युकाटोसारख्या व्हॅनवर बांधलेल्या मोटरहोम फार. तिथे फियामा किंवा मिलेन्कोचे तीन-चार पायऱ्यांचे रॅम्प लोक सर्रास वापरतात. हवी ती पायरी आली की थांबायचं, झालं. रचत बसावं लागत नाही. कमानीचा रॅम्प म्हणजे चाक जितकं पुढे तितकी जास्त उंची. तो मुख्यतः ट्रेलरसाठी आहे, पण एकेरी चाकाखाली चालतो. कोणताही रॅम्प घ्या, त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचूनच घ्या. अमेरिकेतल्या भाड्याच्या मोटरहोम बऱ्याचदा फोर्डच्या ई-४५० चॅसीवर, म्हणजे इंजिन-चाकांच्या सांगाड्यावर, बांधलेल्या असतात आणि तिचं भरल्या गाडीचं कमाल वजन १४,५०० पौंड आहे. मागच्या एका बाजूवरच चार हजार पौंडांहून जास्त भार येऊ शकतो. युरोपातल्या हलक्या व्हॅनचा रॅम्प तिथे टिकायचा नाही.

त्या मागच्या बाजूची आणखी एक गंमत पुढे येतेच. ठोकळ्यांखेरीज चाकाला लावायचे चॉक दोन जोड्या, एक छोटी पाणसळ, खडू आणि रबराची एक जुनी पायपुसणी एवढं पिशवीत हवं. चॉक म्हणजे पाचरीच्या आकाराचा अडसर. आपल्याकडे घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला क्लीनर पळत जाऊन दगड लावतो, त्याचंच सुधारलेलं रूप.

आधी जागा, मग ठोकळे

नवखा माणूस साईटवर, म्हणजे कॅम्पग्राउंडमधल्या आपल्या ठरलेल्या जागेवर, पोचला की गाडी जिथे सहज जाते तिथे लावतो आणि मग ठोकळ्यांचा ढीग रचत बसतो. उलटं करा. गाडी आत घेण्याआधी खाली उतरा आणि साईटवरून चालत जा. डांबरी साईटलाही पाणी वाहून जावं म्हणून ढाळ दिलेला असतो, आणि झाडांच्या मुळांनी कुठे फुगवटा आलेला असतो. चार पावलं पुढे-मागे केल्याने अर्धा अंश सहज वाचतो. अर्धा अंश वाचला म्हणजे लांबीच्या दिशेने जवळजवळ दीड इंच वाचला.

गाडी पुढून घालायची की मागून, हेही इथेच ठरतं. ई-४५०सारख्या गाडीला मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं जोडून असतात आणि पुढे एकेक. मागची बाजू उचलायची तर ठोकळे दुप्पट लागतात. शिवाय हँडब्रेक आणि गिअरचा अडसर दोन्ही मागच्याच चाकांना धरून ठेवतात. ती चाकं सरळ जमिनीवर असलेली कधीही बरी. म्हणून जमेल तिथे सखल टोकाला गाडीचं तोंड येईल अशी लावा, म्हणजे उचलायची ती पुढची एकेरी चाकं. विजेचं आणि पाण्याचं कनेक्शन असलेल्या साईटवर मात्र ही मुभा राहत नाही, कारण वायर आणि नळी पोचायला हवी. अपर पाइन्समध्ये कनेक्शनच नसल्याने तिथे गाडी फिरवायला आपण मोकळे. त्या पहिल्या खेपेला हे कळलं असतं तर एकही ठोकळा न लावता निम्मं काम झालं असतं.

उजेडात पोचणं ही यातलीच गोष्ट. राष्ट्रीय उद्यानांत रात्री १० नंतर शांतता पाळायची असते, आणि अंधारात टॉर्च धरून "अजून थोडी घे, अजून थोडी" असं ओरडणाऱ्या जोडप्याइतकं अप्रिय कॅम्पग्राउंडमध्ये कोणी नसतं. आम्ही तेही केलं आहे.

मोजायचं कसं

फोनमध्ये पाणसळीचं ॲप असतं, पण फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो. तो ओट्यावर टेकला की फोन आधीच तिरका. फोन ओट्याच्या कडेपाशी, कॅमेरा बाहेर लोंबता ठेवून वापरा, किंवा सरळ हार्डवेअरच्या दुकानातून नऊ इंची पाणसळ आणा. पाणसळ खरी आहे का हे तपासायची बाबांची रीत: एकदा वाचायची, मग टोकाशी टोक उलटी फिरवून त्याच जागी परत ठेवायची. बुडबुडा दोन्ही वेळा गाडीच्या त्याच बाजूला तेवढाच सरकला तर पाणसळ बरोबर. बाजू बदलली तर ती फेकून द्या.

ठेवायची कुठे? गॅसवरच्या फ्रिजची काळजी असेल तर फ्रीझरच्या तळावर, कारण शेवटी सपाट हवा आहे तो फ्रिज. नाहीतर ओट्यावर किंवा जमिनीवर. पलंगावरच्या गादीवर ठेवू नका, हे सांगायला नको, पण मी ठेवली होती. दोन वाचनं घ्या: एक गाडीच्या आडवं, एक लांबीच्या दिशेने. वाचताना सगळे बसलेल्या जागी बसू द्या. चार माणसं एका बाजूला जमली की स्प्रिंगा दबतात.

आता अंशांवरून इंच काढायचे. हिशेब सोपा आहे. दोन चाकांमधलं अंतर इंचांत घ्या आणि ५७ ने भागा. एका अंशाला किती इंच उचलायचं ते मिळतं. ई-४५०चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, लहान प्रकारात १५८ इंच असतं. भागिले ५७, म्हणजे पावणेतीन इंच. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण ७० ते ७५ इंच, म्हणजे एका अंशाला सव्वा इंच. हे दोन आकडे कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालतं.

समजा पाणसळ सांगते की डावी बाजू एक अंश खाली आणि पुढची बाजूही एक अंश खाली. मग डाव्या दोन्ही चाकांना सव्वा इंच हवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पावणेतीन. डावं पुढचं चाक दोन्हीकडे मोडतं, म्हणून त्याला बेरीज: चार इंच. उजवं पुढचं पावणेतीन, डावं मागचं सव्वा, उजवं मागचं शून्य. सगळ्यात उंच चाक जमिनीवर राहतं आणि बाकीची त्याच्या बरोबरीला येतात. एवढं कळलं की अंदाजपंचे ठोकळे सरकवणं संपतं.

आणि इथेच हात आखडायचा. चार इंच म्हणजे प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे चार थर. मी तिथवर जात नाही. तीन इंचांवर थांबते, डोकं वरच्या बाजूला येईल अशा उशा लावते, आणि उरलेला पाऊण इंच-इंच सोडून देते. फ्रिजला तेवढं चालतं. चारहून जास्त लागत असेल तर ठोकळे वाढवण्यापेक्षा गाडी दोन फूट हलवा किंवा रेंजरकडे दुसरी साईट मिळते का विचारा.

रचायचं कसं

ज्या जागी उभं राहून तुम्ही मोजलं, चाकं त्याच जागी उचलायला हवीत. ठोकळे चाकापुढे ठेवून गाडी चढवली तर ती दोन-तीन फूट पुढे जाते, तिथला ढाळ वेगळा, आणि मोजमाप वाया. म्हणून चाक टेकलेली जागा खडूने आखून घ्या, गाडी तीन-चार फूट मागे घ्या, आखलेल्या जागी ठोकळे रचा आणि मग चढा.

थर नेहमी पायऱ्यांसारखे. एक इंच हवा तर एक ठोकळा. दोन इंचांना खाली दोन, वर एक, असे तीन. तीन इंचांना खाली तीन, मग दोन, मग एक, असे सहा. एकावर एक सरळ मनोरा रचलात तर चाक चढताना मनोराच ढकलून देतं. मागच्या जोडचाकांना हेच दुप्पट: एका बाजूला तीन इंच उचलायला बारा ठोकळे. दहाची एक पिशवी एका कोपऱ्यालाही पुरत नाही हे आता लक्षात आलं असेल. दोन पिशव्या घ्या.

जोडचाकांची गंमत म्हणाले होते ती ही. दोन्ही चाकांखाली सारखा आधार हवाच. बाहेरच्या चाकाखाली ठोकळा आणि आतलं अधांतरी, असं झालं तर दोघांचं ओझं एकट्या बाहेरच्या टायरवर येतं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. टायर आतून दुखावतो आणि पुढे कधीतरी महामार्गावर फुटतो. गाडी चढवल्यावर खाली वाकून आतल्या टायरखाली एक जाड कागद सरकवून बघा. सरकला तर खाली या आणि परत रचा.

टायरची टेकलेली जागा पूर्ण ठोकळ्यावर हवी, पुढे-मागे किंवा बाजूला बाहेर लोंबता कामा नये. म्हणूनच चाकाला दगड लावून अडवणं ठीक, पण दगडावर चाक चढवणं नाही: सगळा भार टायरच्या एका बोटभर जागेवर येतो. वरच्या थरात एकच ठोकळा म्हणजे जागा अगदी मोजकी. ठोकळे शिल्लक असतील तर वरच्या थरात दोन घाला आणि खालचे थर त्या मानाने लांब करा.

खालची जमीनही बघायची. ओल्या मातीत किंवा वाळूत ठोकळे रुततात, सकाळपर्यंत निम्मी उंची गायब. तिथे आधी रुंद फळी, तिच्यावर ठोकळे. गुळगुळीत काँक्रीटवर उलटा त्रास, चाक लागलं की ठोकळे पुढे घसरतात. पायपुसणी त्यासाठी आहे. खडी असेल तर बुटाने मोठे खडे बाजूला सारा; आमचे दोन ठोकळे फुटले ते असल्याच एका खड्यावर, आणि फुटताना बंदुकीसारखा आवाज आला. शेजारच्या साईटवरचा कुत्रा त्यानंतर आमच्याकडे बघतही नव्हता.

चढताना

हे दोन माणसांचं काम आहे. एक गाडीत, एक खाली. मुलं गाडीत असतील तर पट्टे लावून बसलेली, खाली असतील तर टेबलापाशी आणि आजीच्या ताब्यात. चाकाच्या सरळ रेषेत, पुढे किंवा मागे, कोणीही उभं राहायचं नाही. चाक फिरलं तर ठोकळा किंवा रॅम्प त्या रेषेत सुटून उडतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत हे जास्त घडतं, कारण जे चाक चढतं तेच ढकलतंही. खालच्या माणसाने बाजूला आठ-दहा फुटांवर, आरशात दिसेल असं उभं राहावं. हात दिसत नसले तर गाडी हलणार नाही, हा नियम आधीच ठरवा.

खुणाही आधी ठरवून घ्या. आमच्या तीनच आहेत: पंजा आत ओढला की ये, दोन तळव्यांमधलं अंतर कमी होत गेलं की तेवढंच उरलं, मूठ मिटली की थांब. "थोडंसं" या शब्दावर आमच्या घरात बंदी आहे. माझ्या थोड्याशात आणि नवऱ्याच्या थोड्याशात एक फुटाचा फरक निघाला आणि गाडी ठोकळ्यांवरून पलीकडे धाडकन उतरली, तेव्हापासून. फोनवर बोलत काम करावं तर योसेमिटीच्या दरीत रेंज कधी असते, कधी नसते. हात बरे.

गाडी कमी गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श. प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबा. चाक वरच्या ठोकळ्याच्या बरोबर मध्ये आलं की मूठ.

आता घाई करू नका. पाय ब्रेकवरच ठेवून आधी हँडब्रेक पूर्ण ओढा किंवा दाबा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, मग पाय हळूच काढा म्हणजे गाडी हँडब्रेकवर टेकेल, आणि त्यानंतर गिअर 'पी'मध्ये, म्हणजे पार्कमध्ये. उलट केलं तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्या दातावर येतो, आणि निघायच्या दिवशी गिअर काढताना जोराचा झटका बसतो. मग खाली उतरून जमिनीवर असलेल्या चाकाला पुढून आणि मागून चॉक. घट्ट, हाताने हलणार नाही इतके. ठोकळ्यावर चढलेल्या चाकाला चॉक लावून फारसा उपयोग नाही. तो ठोकळ्यासकट सरकतो.

पाणसळ परत बघा. पहिल्या प्रयत्नात जमलं तर चहा करा, तो मान तुमचा. दोन प्रयत्नांत बऱ्याच वेळा जमतं. तिसऱ्यातही नाही जमलं तर मोजण्यात चूक आहे, ठोकळ्यांत नाही.

सपाट झाल्यावर

भिंत बाहेर सरकून खोली मोठी होते अशी सोय, म्हणजे स्लाईड, गाडीला असेल तर ती आताच उघडायची, आधी नाही. कललेल्या गाडीत स्लाईड आपल्या वजनाविरुद्ध ओढली जाते आणि अडकते. त्यानंतर वीज, पाणी, फ्रिज.

काही गाड्यांना कोपऱ्यात खाली येणारे पाय असतात. यात दोन जाती आहेत आणि त्या ओळखणं फार महत्त्वाचं. नुसते टेकू असतात ते गाडी डुलू नये म्हणून; जमिनीला टेकले आणि अर्धा फेरा आवळला की पुरे, त्यांनी गाडी उचलायची नाही. मोठ्या, बसएवढ्या गाड्यांना हायड्रॉलिक जॅक असतात, बटण दाबलं की गाडी स्वतःच सपाट होते. तिथेही ठोकळे लागतातच. डांबर उन्हाने मऊ होतं, माती तर मऊच, म्हणून जॅकच्या पायाखाली ठोकळ्यांची गादी द्या. आणि मागची चाकं जॅकने जमिनीवरून उचलली जाऊ देऊ नका. एक चाक उचललं गेलं तरी पुरे: गाडीला 'पी'मध्ये धरणारी पकड डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मागच्या चाकांना जोडणाऱ्या गिअरसंचातून, जाते, आणि अधांतरी चाक फिरायला मोकळं असल्याने जमिनीवरचं चाकही फिरू शकतं. इतका उतार असेल तर आधी चाकांखाली ठोकळे, मग जॅक.

काहीही झालं तरी ठोकळ्यांवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. चेंडू गेला तर काठीने काढा.

निघताना

सगळं उलट क्रमाने. आधी नळ्या आणि वायर, मग स्लाईड आत, टेकू वर. ओटा मोकळा करा, कपाटांची दारं बंद झाली का बघा, कारण गाडी ठोकळ्यांवरून उतरताना एक झोका देतेच. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, आणि मगच खालच्या माणसाने चॉक काढायचे; चॉक काढून झाल्याचं त्याने मोठ्याने सांगायचं. चॉक विसरून त्यावरून गाडी नेणं हा नवख्यांचा आवडता प्रकार आहे. शक्यतो ज्या बाजूने पायऱ्या चढलात त्याच बाजूने उतरा. दुसऱ्या बाजूला पायऱ्या रचलेल्याच नसतात आणि तीन इंचांवरून चाक एकदम खाली पडतं.

गाडी दहा फूट पुढे नेऊन थांबवा आणि परत येऊन ठोकळे गोळा करा. चिखलाचे ठोकळे तसेच पिशवीत भरले तर पुढच्या वेळी एकमेकांत बसत नाहीत, म्हणून दोन-दोन आपटून माती झाडा. आणि मोजा. पानांखाली गेलेला ठोकळा पिवळा असूनही दिसत नाही. आमच्या दोन पिशव्यांचे वीस होते, दोन फुटले, एक ग्रँड कॅन्यनला राहिला. सध्या सतरा आहेत, आणि मोजायचं काम बाबांकडे असतं.